नात्यातला आवाज

"घाई नाही हो ताई, तुमचं होऊ द्या," हे म्हणाले, आणि कानांवरचे हेडफोन न काढताच मी मागे वळून पाहिलं. मागे एक बंद कपाट होतं आणि कपाटावर कुणाची तरी विसरलेली छत्री. खोलीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं, आणि असणार तरी कसं, यांना जाऊन वर्ष होऊन गेलं होतं. पण संसारात इतकी वर्षं मागून आवाज आला की वळून बघायची सवय, ती माणूस गेल्याबरोबर थोडीच जाते. मी पुन्हा समोर बघितलं. पडद्यावर एक हिरवी रेघ वरखाली होत होती, म्हणजे कॉल चालू होता. फोन घेणारी मुलगी कळफलकावर काहीतरी बडवत होती, आणि पलीकडे हे घसा खाकरून वाट बघत होते. यांचं ते खाकरणं दोन टप्प्यांत असायचं, एकदा मोठं आणि मग लगेच एकदा लहान, आधीच्याबद्दल माफी मागितल्यासारखं. मोठं झालं. लहान झालं. मी यंत्र बंद केलं आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

ही खोली कंपनीच्या इमारतीत होती आणि तिला सगळे 'ऐकण्याची खोली' म्हणत. भिंतींना राखाडी मऊ काहीतरी लावलेलं. त्यामुळे आपण खोकलो तरी खोकला तोंडाशीच मरायचा. रुग्णवाहिका मागवायचा फोन पूर्वी सरकारी इस्पितळाच्या तळघरात वाजायचा, आणि त्या इस्पितळाची मी अधीक्षक होते. तिथे भिंतींना ओल होती, पंख्याला घरघर होती, फोन घेणाऱ्या बायका एकीकडे डबा खात फोन घ्यायच्या, पण गाडी आधी सुटायची आणि प्रश्न मागून. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की हे काम बाहेर देऊन टाकावं, आणि दिलं. कंपनी आली, गालिचे आले, प्रश्नावली आली. मी तोवर निवृत्त झाले होते. करार असा होता की ठरावीक काळाने एका समितीच्या स्वतंत्र अध्यक्षाने, नमुना म्हणून काढलेले जुने कॉल ऐकून, कंपनीच्या कामाची फेरतपासणी करायची. अहवाल वाईट आला, तर फोन पुन्हा सरकारकडे. अहवाल चांगला आला, किंवा मुदतीत आलाच नाही, तर करार आपोआप वाढणार, आणि या खेपेला त्याच्या जोडीने आगीचा फोनही कंपनीकडे जाणार. त्या स्वतंत्र अध्यक्ष म्हणजे मी. मला का निवडलं, असं मी विचारलं तेव्हा वरच्या साहेबांनी सांगितलं की तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल कुणाचं दुमत नाही. मला बरं वाटलं. या वयातही बाईला बरं वाटायला एवढंच लागतं.

मी यंत्र परत चालू केलं, अगदी पहिल्यापासून. मुलीने विचारलं, काय होतंय. हे म्हणाले, छातीत जरा जड वाटतंय, आणि डाव्या हाताला मुंग्या आहेत. रुग्ण शुद्धीवर आहे का? आहे. रुग्ण बोलू शकतो का? "हो, बोलू शकतो की," हे म्हणाले, आणि त्यात थोडं हसू होतं, "मीच बोलतोय." मग कळफलक. मग ते घाई नाही. मग मुलीने लिहिलेलं वाचून दाखवलं, की सर, आपला रुग्ण शुद्धीवर असून बोलू शकत असल्यामुळे सध्या गाडीची आवश्यकता दिसत नाही, जवळच्या दवाखान्यात दाखवून घ्यावं, आणखी काही मदत करू शकते का? "नाही नाही. बरं. मी बूट घालून बसतो म्हणजे," हे म्हणाले. दिवस चांगला जावो, असं म्हणून मुलीने फोन ठेवला. खाली शेरा होता : समाधानकारकरीत्या निकाली. मी इतकी वर्षं डॉक्टरकी केली. छातीत जड आणि डाव्या हाताला मुंग्या म्हणजे काय हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. त्या मुलीलाही ते माहीत असेल कदाचित, पण तिच्यासमोर जो प्रश्न होता तो वेगळा होता, आणि त्याचं यांनी अगदी खरं उत्तर दिलं होतं. यांचं हे असंच. कुणी काही विचारलं की जेवढं विचारलं तेवढ्याचंच उत्तर, आणि तेही नीट पुसून, स्वच्छ करून. नकाशे काढायची नोकरी होती यांची. रेघ आहे तिथेच काढायची, जरा इकडे नाही, तिकडे नाही. मी चिडायची. बोलू शकतो म्हणे! अहो, कण्हायचं तरी जरा.

त्या दिवशी मी लेकीकडे होते, दुसऱ्या गावी. नातीला कांजिण्या आल्या होत्या. शेजारणीने जवळच्या किल्लीने दार उघडलं तेव्हा हे फोनजवळच्या वेताच्या खुर्चीत बसलेले होते, शर्ट खोचलेला, पायात बूट, नाड्या दुहेरी गाठीच्या. फोन जागच्या जागी. सगळे म्हणाले, फिरायला निघाले असतील आणि बसल्या बसल्या गेले, नशीबवान माणूस, कळलंसुद्धा नसेल. मीही ते वाक्य धरून ठेवलं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते ऐकवलं, कळलंसुद्धा नाही यांना, आणि येणारे माना हलवायचे, आणि त्यांचा आणि माझा दोघांचाही तो प्रसंग निभावून जायचा. आता कळलं की यांना सगळं कळत होतं. हे बूट घालून बसले होते. कसली वाट बघत होते, गाडीची, का पायात जोर येण्याची, की माझी? मला इतका राग आला की त्या मऊ भिंतीवर मूठ मारली. काही आवाज झाला नाही.

दुपारी घरी येऊन मी लेकीला फोन केला. इकडचं तिकडचं झाल्यावर विचारलं, "तुझ्याकडे बाबांचा आवाज आहे का गं कुठे? एखाद्या व्हिडिओत वगैरे?" ती म्हणाली, "बाबांचा? अगं, ते कधी बोलले फोनवर? 'थांब, आईला देतो', एवढंच. व्हिडिओ काढायला लागलं की पाठ करायचे. का गं?" "सहज." "मीही शोधला होता मागे," ती म्हणाली, "कुठेच नाही. फोटो पोत्यानं आहेत." म्हणजे सबंध जगात यांचा आवाज एकाच ठिकाणी होता, आणि तो कंपनीच्या मालकीचा होता. लेकीला सांगावंसं वाटलं. जिभेवर आलं होतं. पण नमुन्यातलं काहीही बाहेर सांगायचं नाही अशी शपथ घेतलेली, आणि दुसरं म्हणजे, सांगितलं असतं तर बाबांना कळलं नाही हे तिचंही समाधान गेलं असतं. तिला का नागवायचं? मी नातीचा अभ्यास विचारला आणि फोन ठेवला. त्या वेताच्या खुर्चीत मात्र बसले नाही, उभ्याउभ्याच बोलले. तेव्हा लक्षात आलं की वर्षभर मी त्या खुर्चीत बसलेच नव्हते, आणि हे आजवर माझं मलाच माहीत नव्हतं.

सरकारने समितीला एक सचिव दिला होता. तरुण, कायम नुकतंच तोंड धुऊन आल्यासारखा, आणि इतका आदबशीर की त्याच्यावर ओरडायला मला मुद्दाम काहीतरी शोधावं लागायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला अगदी वरवर विचारलं, की या नमुन्यातले लोक कोण, हे शोधता येतं का. "नाही मॅडम," तो म्हणाला, "नावं, पत्ते सगळं काढून टाकलेलं असतं. आणि आवाजही खरे नसतात ना. मजकूर खरा, आवाज यंत्राने बदललेले. गोपनीयतेसाठी." "बदललेले म्हणजे?" "म्हणजे तो माणूस तसा बोलत नसणार. यंत्र कुठला तरी आवाज लावतं." त्याने माझ्यासमोरचा पडदा बघितला, कोणता कॉल उघडा आहे ते पाहिलं, आणि त्याच्या स्वच्छ चेहऱ्यावर थोडी दया आली. "हाच ना मॅडम? आधीच्या दोन्ही अध्यक्षांनीही याच कॉलबद्दल विचारलं होतं." मग पुढे काय झालं, असं मी विचारलं. "त्यांनी नातं जाहीर केलं. नियमच आहे, नमुन्यातला आवाज नात्यातला निघाला तर अध्यक्षांनी बाजूला व्हायचं, आणि तो कॉल बाद. फार सज्जन माणसं होती दोघंही. मग नवीन अध्यक्ष नेमेपर्यंत मुदत टळली." "तू ऐकलायस हा कॉल?" "छे मॅडम. सचिवाने ऐकायचं नसतं." आणि मला पाणी हवं का, असं विचारून तो गेला.

आधीचे अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते. आमची ओळख जुजबीच, कुठल्याशा समारंभात शेजारी बसलो होतो तेवढी. मी फोन केला तर त्यांनीच उचलला. मी विषय काढला. ते म्हणाले, "तुम्हालाही ऐकू आलं का?" मी हो म्हटलं. "माझी आई होती," ते म्हणाले. "गॅस बंद केलाय म्हणत होती, दाराची कडी काढून ठेवलीय म्हणत होती. त्या मुलीला सारखी बाळ म्हणत होती." मी म्हटलं, "पण माझ्या कॉलमध्ये पुरुष आहे. तोच कॉल आहे, आणि त्यात पुरुष आहे." "माझ्या आधीच्यांचा धाकटा भाऊ होता त्यात," न्यायाधीश म्हणाले. हे कसं शक्य आहे, असं मी विचारलं, आणि माझा आवाज मलाच रुग्णासमोर घाबरलेल्या शिकाऊ डॉक्टरणीसारखा वाटला. "शक्य आहे का, हा प्रश्न मी स्वतःला केलाच नाही, डॉक्टर. जन्मभर एक नियम पाळला. ओळखीचं माणूस समोर आलं की खुर्चीवरून उठायचं. उठलो." "मग चुकलं का तुमचं?" "नियमाप्रमाणे बरोबरच होतं की." ते हसले, पण ते हसू कुठे पोचलं नाही. "अहो, आपल्यासारख्यांनाच का नेमतात, याचा विचार करा जरा. बदमाश माणूस असता तर त्याने नातं लपवून अहवाल पुरा केला असता." मग अगदी घरगुती आवाजात, "आईचा आवाज मात्र राहिला हं. अजून ऐकू येतो. तेवढं मिळालं मला."

त्यानंतरचे दिवस मी बाकीचे कॉल ऐकले. पोरं पडलेली, म्हातारे घसरलेले, एक बाई नुसतंच पत्ता पत्ता म्हणत होती. आवाज सगळे परके, आणि मी त्यांचं काम नेहमीसारखं कोरडेपणाने केलं, टिपणं काढली. पण एकाही कॉलमध्ये कंपनीची चूक 'रुग्ण बोलू शकतो का' या प्रश्नाइतकी उघडी पडत नव्हती. अहवालाचा सगळा भार त्या एका कॉलवर होता. तो काढला तर उरलं ते सगळं किरकोळ, सारवासारव करता येण्यासारखं, आणि कंपनीचे वकील दुपारच्या जेवणाआधी ते सारवून मोकळे झाले असते. आणि रोज निघण्याआधी मी तो कॉल एकदा लावायची. तपासणीसाठी, असं स्वतःला सांगून. खोटं कशाला बोलू, मी यांना भेटायला जायची. पदर सारखा करून जायची. हे म्हणायचे, घाई नाही, आणि मी त्या मऊ खोलीत डोळे मिटून बसायची, आणि कधी तर मला कॉलचं, कंपनीचं, कशाचंच काही वाटेनासं व्हायचं, नुसतं बरं वाटायचं. यंत्राचा आवाज असेल, नसेल. ते दोन टप्प्यांतलं खाकरणं यंत्राला कुणी शिकवलं? पण मग न्यायाधीशांच्या आईचं 'बाळ' कुणी शिकवलं? मी डॉक्टर आहे, मला माहीत आहे की दुःखात माणसाला काय काय ऐकू येतं. ते माहीत असून ऐकू यायचं थांबत नाही, एवढंच मी या विषयावर अधिकाराने सांगू शकते. आणि यांनी नाही तर दुसऱ्या कुणीतरी, शहरातल्या कुठल्याशा घरात, बूट घातले होतेच. किंवा कडी काढून ठेवली होती. कुणीतरी फोन ठेवून दाराकडे बघत बसलं होतंच, कारण मजकूर खरा होता.

शेवटच्या दिवशी सचिवाने टेबलावर एक छोटं ध्वनिमुद्रण यंत्र ठेवलं. हा उपचार होता. अहवाल लिहायला घेण्याआधी अध्यक्षांचं निवेदन घ्यायचं. बाहेर स्वच्छ ऊन होतं, खिडकीच्या काचेपलीकडे कुणीतरी दोरावर लटकून काच पुसत होता आणि त्याच्या फडक्याचा आवाज आत येत नव्हता. "नमुन्यातल्या कोणत्याही आवाजाशी आपलं नातं, स्नेह किंवा ओळख आहे का?" सचिवाने कागदावरून वाचलं. मी त्याच्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर पुन्हा तीच दया होती, तो उत्तराची वाट बघत नव्हताच, उत्तर त्याने मनात लिहूनही टाकलं होतं, आणि बाजूला होण्याच्या पत्राचा मसुदा त्याच्या फायलीत असणार, अगदी व्यवस्थित, माझ्या नावाची जागा भरून. मी यांना कधी नावाने हाक मारली नाही. अहो म्हटलं, ऐकलंत का म्हटलं, रागावले की नुसती भांडी आपटली. लोकांशी बोलताना 'हे'. साऱ्या संसारात हे कोण, असं मला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर लाजून, नाही तर ठसक्यात, माझे मिस्टर, असं मी सांगितलं असतं. "नाही," मी म्हटलं. सचिवाने मान वर केली. यंत्रावरचा दिवा बघितला. "सॉरी मॅडम, जरा मोठ्याने. यात आलं नाही." तो पुढे वाकला आणि हळूच म्हणाला, "मॅडम, कुणी दोष देणार नाही हो." तेव्हा मात्र मला त्याच्यावर ओरडायला शोधावं लागलं नाही. "नाही!" मी म्हटलं. "नात्यातला कुणी नाही. ओळखीचा नाही. मी या माणसाला ओळखत नाही." या खेपेला यंत्रात आलं.

अहवाल मी तिथेच बसून लिहिला. 'एका अनोळखी पुरुषाने,' मी लिहिलं, 'स्वतः शुद्धीवर असताना मदत मागितली. त्याची लक्षणं तातडीची होती. तो बोलू शकतो या एकाच कारणावरून त्याला गाडी नाकारण्यात आली.' अक्षर नेहमीसारखं सरळ आलं, त्याचीच मला भीती वाटली. मग यांचे शब्द जसेच्या तसे उतरवून घ्यायचे होते, म्हणून मी हेडफोन लावले. छातीत जरा जड वाटतंय, असं एक माणूस म्हणाला. आवाज जाडसर होता, थोडा नाकातला. मी नंबर तपासला. कॉल तोच होता. मीच बोलतोय, तो म्हणाला. घाई नाही हो ताई, तो म्हणाला, आणि खाकरला, एकदाच, जसं कुणीही खाकरतं. सगळे शब्द जागच्या जागी होते, एक इकडचा तिकडे नव्हता. मी पुन्हा लावला, पुन्हा लावला. मग हेडफोन काढून ठेवले आणि डोळे मिटून यांना आठवायला लागले. दिसले की, स्पष्ट दिसले. सकाळी खिडकीशी उभे राहून मला काहीतरी सांगताहेत, ओठ हलताहेत, भुवया वर जाताहेत, मी हसते आहे. पण टीव्हीचा आवाज कुणी बंद करावा तसं सगळं. मी कामाचे शब्द उतरवून घेतले, खाली सही केली, आणि सचिवाला हाक मारली. त्याने सही बघितली, मग माझ्याकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच तो पाणी हवं का असं विचारायला विसरला.

अहवालाने धुरळा उडवला. करार वाढला नाही. फोन पुन्हा तळघरात जाणार असं ठरलं, आगीचा फोन होता तिथेच राहिला, आणि रुग्ण बोलू शकतो का, हा प्रश्न म्हणे काढूनच टाकला. अभिनंदनाचे फोन आले. न्यायाधीशांचाही आला, शाबास, एवढंच म्हणाले. मी भाजी निवडत ते सगळे घेतले. घर नेहमीसारखं होतं. फक्त मागून आवाज आला असं वाटून मी वळत नव्हते.

लेकीचा फोन आला तो भर दुपारी, तिच्या ऑफिसातून. "आई, बातम्यांत तो कॉल लावला आत्ता," ती म्हणाली. "आई, बाबा आहेत ते." मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. "आई, मी पुन्हा पुन्हा ऐकला. बाबाच आहेत. ते खाकरणं ऐक ना, मोठं आणि मग लहान. तू एवढे दिवस ऐकत होतीस, तुला कळलं कसं नाही?" आणि तिने तो मला फोनमधूनच लावून दाखवला. मी रिसीव्हर कानाशी घट्ट धरला. तो जाडसर, नाकातला माणूस, कुणाच्या तरी घरातला, त्या मुलीला सांगत होता की मीच बोलतोय. लेक हमसाहमशी रडत होती. "ऐकलंस ना?" ती म्हणाली. "बाबाच ना?"

"हो," मी म्हटलं. "तेच आहेत." मग मला राहवेना. "कसा आहे गं?"

"काय कसा आहे?"

"आवाज. कसा आहे ते सांग ना मला."

"आई, असं काय करतेस? तू आत्ताच ऐकलास ना?"

"ऐकला," मी म्हटलं. "तरी तू सांग. तुझ्याकडून ऐकायचंय मला."